गांजा-भांगेचें कमिशन (इ. स. १८९३-९४) : एका साधनग्रंथाची तपासणी

गांजाचें सेवन व विक्री कायद्यानें मोकळी करावी कीं नाहीं, हा वाद सध्यां अनेक देशांत चालू आहे. उरुग्वे देशानें २०१३ सालीं व कॅनडानें २०१८ सालीं आपली बंदी उठविली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मादकद्रव्य-आयोगानें डिसेंबर २०२० मध्यें २७ विरुद्ध २५ मतांनीं गांजास चवथ्या, म्हणजे अत्यंत घातक समजल्या जाणाऱ्या द्रव्यांच्या यादींतून काढलें, आणि त्या वेळीं भारताचें मत काढावें या बाजूस पडलें. आपल्या देशांतहि सभांतून, वृत्तपत्रांतून व न्यायमंदिरांतून हा प्रश्न वारंवार उपस्थित होत असतो. प्रस्तुत लेखकास या वादाचा निकाल लावावयाचा नाहीं. तें आपल्या मंडळाचें कामहि नव्हे. परंतु बंदी उठवावी म्हणणारे व ठेवावी म्हणणारे असे दोन्ही पक्ष ज्या एका जुन्या ग्रंथाचा आधार घेतात, किंवा ज्याचा आधार प्रतिपक्षानें घेतला म्हणून चिडतात, तो ग्रंथ मात्र आपल्या कक्षेंतला आहे. त्यांतील आंकडे व मतें एकाच्या लेखांतून दुसऱ्याच्या लेखांत इतक्या वेळां उतरलीं आहेत कीं, मूळ काय होतें हें पाहण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे. बखरीच्या बाबतींत असा प्रकार घडला तर आपण मूळ प्रत मागतों. तोच न्याय येथें लावून पाहावा, इतकाच या लेखाचा हेतु.

प्रथम ग्रंथाचें वर्णन. 'हिंदुस्थानांतील हेम्प-द्रव्यांच्या कमिशनचा रिपोर्ट' असें त्याच्या इंग्रजी नांवाचें भाषांतर होईल. सिमला येथील सरकारी छापखान्यांत १८९४ सालीं तो छापला गेला. मुख्य भाग सात असून पृष्ठसंख्या ३२८१ भरते. शिवाय लष्करी अधिकाऱ्यांच्या उत्तरांचा एक पुरवणी-भाग आहे. पहिल्या भागांत कमिशनचा निवाडा, दुसऱ्या व तिसऱ्यांत परिशिष्टें, आणि चवथ्यापासून सातव्यापर्यंत साक्षीदारांच्या जबान्या आहेत. बंगाल व आसाम चवथ्या भागांत, वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब पांचव्यांत, मध्यप्रांत व मद्रास सहाव्यांत, आणि मुंबई, सिंध, वऱ्हाड, अजमीर, कूर्ग, बलुचिस्तान व ब्रह्मदेश हे सातव्यांत, अशी वांटणी आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या अभ्यासकास मुख्यतः सातवा भाग व नागपूरकडील मजकुरासाठीं सहावा भाग उघडावा लागतो. १९६९ सालीं अमेरिकेंत या रिपोर्टाचें पुनर्मुद्रण झालें तें केवळ पहिल्या भागाचें. परदेशांतील चर्चा बव्हंशीं त्याच्यावर चालली, आणि आपल्याकडील पुष्कळ लेखकांनीं त्या चर्चेवर आपली चर्चा चालविली. पुराव्याचे भाग तसेच राहिले. आतां स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें सर्व भागांच्या छायाप्रती सर्वांस खुल्या केल्या आहेत, तेव्हां ते मिळत नाहींत ही सबब उरली नाहीं.

हें कमिशन नेमलें जाण्याचें कारण हिंदुस्थानांत घडलें नव्हतें. २ मार्च १८९३ रोजीं ब्रिटिश पार्लमेंटच्या साधारण सभेंत विल्यम स्प्रोस्टन केन या सभासदानें बंगाल्यांतील गांजाच्या लागवडीबद्दल व तिच्या परिणामांबद्दल प्रश्न विचारला. केन हे मद्यपाननिषेधाच्या चळवळींतील मोठे पुढारी. राष्ट्रीय सभेचे ते चाहते, व हिंदुस्थानांतील मद्यपाननिषेधक सभांचे आधारस्तंभ. त्याच सालीं अफूसंबंधीं रॉयल कमिशन नेमलें गेलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे गांजाचा प्रश्न कोणत्या वाऱ्याबरोबर आला हें कळतें. त्या वेळचे स्टेट सेक्रेटरी लॉर्ड किंबर्ले यांनीं चौकशीचें आश्वासन दिलें. चौकशी मूळ बंगालपुरती व्हावयाची होती. हिंदुस्थान सरकारनें ती सर्व देशभर करण्याचें ठरवून ३ जुलै १८९३ च्या ठरावानें सात जणांचें कमिशन नेमलें. अध्यक्ष पंजाबांतील फायनॅन्शियल कमिशनर मॅकवर्थ यंग. सभासदांत मुंबई इलाख्यांतून पंचमहालचे कलेक्टर ऑमनी, मध्यप्रांतांतून छत्तिसगडचे कमिशनर फ्रेझर, व कलकत्त्याच्या वैद्यकीय पाठशाळेंतील रसायनाचे अध्यापक डॉ. वॉर्डन हे युरोपियन. आणि ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कपूरथळ्याच्या घराण्यांतील कुंवर हरनामसिंग व मुझफरनगरचे लाला निहालचंद हे एतद्देशीय. चिटणिसाचें काम बंगाल सरकारच्या मॅकिंटॉश यांजकडे होतें. यंग व फ्रेझर हे दोघेहि पुढें अनुक्रमें पंजाबचे व बंगालचे लेफ्टनंट-गव्हर्नर झाले. यावरून सरकारनें दुय्यम माणसें नेमून वेळ मारून नेली, असें म्हणतां येत नाहीं.

सरकारचा या द्रव्यांशीं संबंध त्यापूर्वीं शंभर वर्षांचा होता. बंगाल्यांत १७९३ च्या चौतिसाव्या रेग्युलेशनानें कलेक्टराच्या परवान्यावांचून भांग, गांजा व चरस तयार करण्यास व विकण्यास मनाई झाली. १८०० सालीं चरस हा विशेष अपायकारक म्हणून साफ बंद करण्यांत आला, व १८२४ सालीं तो गांजाहून अधिक वाईट नाहीं असें ठरून ती बंदी उठली. बंदी घालणें व उठविणें ही आजची नवलाई नव्हे, हें यावरून दिसेल. १८३९ सालीं कलकत्त्याचे डॉ. ओशॉनेसी यांनीं या वनस्पतीच्या औषधी गुणांवर निबंध वाचला, आणि विलायतेच्या औषधकोशांत तिचा शिरकाव झाला. इकडे मुंबई इलाख्यांत १८७८ च्या अबकारी कायद्यानें दारूबरोबर हींहि द्रव्यें परवान्याखालीं आलीं. दरम्यान हिंदुस्थान सरकारनें गांजानें वेड लागतें काय याची एक चौकशी करविली, व १८७३ च्या डिसेंबरांतील ठरावांत गांजाच्या नित्य सेवनानें वेड लागण्याकडे प्रवृत्ति होते यांत संशय नाहीं, असा निर्वाळा दिला. संशय नाहीं हे शब्द लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. त्यांकडे पुढें वळावयाचें आहे.

येथें नांवांचा घोटाळा थोडा निस्तरला पाहिजे. इंग्रजींत 'हेम्प' या एकाच शब्दानें गांजाचें झाडहि दाखवितात आणि आपला ताग अथवा सणहि दाखवितात. वास्तविक तीं दोन कुळांचीं निरनिराळीं झाडें आहेत. जुन्या इंग्रजी कागदांत हेम्पच्या शेताचा उल्लेख दिसला म्हणून गांजाचें शेत समजणारे लेखक प्रस्तुत लेखकानें पाहिले आहेत. तागाच्या दोरखंडांच्या व्यापाराचा कागद असावा, आणि त्यावरून गांवच्या गांव गंजेटी ठरावें, असा हा प्रकार आहे. खुद्द गांजाच्या झाडापासूनहि तीन वस्तु होतात. पानें वाळवून घोटतात ती भांग. बीज धरूं न दिलेल्या मादी-झाडाचे राळेनें चिकट झालेले तुरे म्हणजे गांजा. यासाठीं शेतांतील नर-झाडें वेळींच उपटून टाकावीं लागतात, व राजशाहीकडील नौगांवच्या गांजामहालांत हें काम करणारा पोद्दार नांवाचा जाणता माणूस शेतकरी मजुरी देऊन बोलावीत. तिसरी वस्तु नुसती राळ, म्हणजे चरस. तो त्या काळीं यारकंदाहून लेहमार्गें पंजाबांत उतरे. मध्यप्रांतांत निमाड जिल्ह्यांतील खांडवा, व मुंबई इलाख्यांत अहमदनगर जिल्हा, हीं गांजाच्या लागवडीचीं ठिकाणें होतीं. खसखस, मिरीं व बडीशेप घालून पाट्यावर घोटलेली शिवरात्रीची भांग, आणि गोसाव्याच्या छापी गुंडाळलेल्या चिलमींतला गांजा, यांत लोक स्वतः मोठा भेद मानीत. कायद्यास तो भेद पुरतेपणीं उमगावयास फार वर्षें लागलीं.

कमिशनची पहिली बैठक ३ ऑगस्ट १८९३ रोजीं कलकत्त्यास झाली. सत्तर प्रश्नांची एक छापील यादी तयार करून ती सर्व प्रांतांत पाठविण्यांत आली, आणि मग सभासदांनीं हिंवाळाभर ठिकठिकाणीं फिरून निवडक साक्षीदारांच्या तोंडी जबान्या घेतल्या. एकंदर साक्षीदार ११९३. त्यांत वैद्यक करणारे ३३५, पैकीं देशी पद्धतीचे वैद्य व हकीम मिळून अवघे ३४. सर्वांत मोठा वर्ग मुलकी अधिकाऱ्यांचा. याखेरीज शेतकरी, व्यापारी, वकील, मिशनरी वगैरे. हा पुरावा वाचतांना एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रश्न गांजा ओढणारांविषयीं आहेत, पण उत्तरें बहुधा न ओढणारांचीं आहेत. 'आपल्या तालुक्यांत मित सेवन करणारे किती?' या धर्तीच्या प्रश्नास अधिकारी उत्तर देतो तें आपल्या शिपायास, कारकुनास किंवा परवानेदार दुकानदारास विचारून. सभ्य गृहस्थाची नड निराळीच. घरांतील कोणी भांग घेतो हें तो सरकारी कागदावर लिहून द्यावयास धजत नाहीं, आणि बैराग्यांविषयीं मात्र भरभरून लिहितो. शिवाय अबकारीच्या उत्पन्नावर ज्यांची बढती अवलंबून, त्यांच्याकडूनच गांजा अपायकारक आहे काय असें विचारलें गेलें, हा आक्षेप त्या काळींहि घेतला गेला होता व तो अगदींच पोकळ नाहीं.

तथापि तेवढ्यावरून हें कमिशन म्हणजे उत्पन्न राखण्याचें नाटक होतें असें म्हणणें प्रस्तुत लेखकास मान्य नाहीं. त्याचें मुख्य कारण वेड्यांच्या इस्पितळांची चौकशी. या ग्रंथाचा खरा गाभा तोच आहे, आणि साधनांची छाननी कशी करावी याचा तो असा धडा आहे कीं, आपल्यासारख्या कागदपत्रें चाळणारांनीं तो मुळांतून वाचावा.

गांजानें वेड लागतें या समजुतीचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक आंकडे. आपल्या इलाख्यांत कुलाबा, पुणें, रत्नागिरी वगैरे ठिकाणीं, व इतर प्रांतांतहि, अशीं इस्पितळें होतीं, व प्रत्येकाच्या नोंदवहींत रोग्याच्या नांवापुढें 'वेडाचें कारण' असा एक रकाना असे. दरसाल त्याची बेरीज होऊन गांजापायीं इतके लोक वेडे झाले असें छापून येई. १८७३ चा निर्वाळा या छापील बेरजांवर पुष्कळसा उभा होता. कमिशननें पहिला प्रश्न असा केला कीं, हा रकाना भरतो कोण? उत्तर मिळालें तें चमत्कारिक होतें. इस्पितळाचा डॉक्टर बहुधा स्वतः कांहींच शोध करीत नसे. करण्याचें साधनहि त्याजपाशीं नसे. रस्त्यांत भटकतांना पोलिसानें धरून आणलेल्या वेड्याबरोबर एक कागद येई. त्यांत कारण लिहिलेलें असलें तर तें नोंदवहींत उतरे. पोलिसास रकाना रिकामा ठेवून चालत नसे. माणूस अनोळखी, आप्तांचा पत्ता नाहीं, अशा वेळीं अंगावर भगवी चिंधी असली किंवा तो चिलीम मागूं लागला, कीं कारण गांजा. कित्येकदां तेवढेंहि निमित्त लागत नसे. सर्वच वेड्यांस गांजा भोंवतो ही समजूत मनांत आधींच ठाम बसलेली. मग ती समजूत पोलिसाच्या कागदांतून नोंदवहींत, नोंदवहींतून वार्षिक रिपोर्टांत, रिपोर्टांतून सरकारी ठरावांत, आणि ठरावांतून पार्लमेंटांतील प्रश्नांत, अशी पायरीपायरीनें चढत गेली. प्रत्येक पायरीवर तिला आंकड्याचें वजन अधिकाधिक येत गेलें, आणि वरच्या पायरीवरील कोणासहि खालीं डोकावण्याचें कारण पडलें नाहीं.

कमिशननें १८९२ या एका सालाची नोंद घेतली व तींतील गांजाचीं म्हणून दाखविलेलीं सर्व प्रकरणें एकेक करून पुनः तपासविलीं. इस्पितळांतील कागद पाहिले, रोग्याच्या गांवीं चौकशी करविली, आप्तेष्टांचीं निवेदनें घेतलीं. त्या सालीं इस्पितळांत दाखल झालेले एकंदर वेडे १३४४. त्यांपैकीं गांजा वगैरे द्रव्यांमुळें वेडे झाले म्हणून नोंदलेले २२२. तपासणीनंतर टिकले ९८. त्यांतहि केवळ याच द्रव्यांस कारण धरतां येईल असे ६१, व इतर कारणेंहि जोडीस असलेले ३७. म्हणजे शेंकडा ७.३ हें प्रमाण, व निव्वळ गांजाचें म्हणावें तर शेंकडा ४.५. उरलेल्या सव्वाशें माणसांच्या वेडाचें जें कारण सरकारदरबारीं कायमचें नोंदलें गेलें होतें, त्यास आधार नव्हता. कोणी मुळांतच गांजा ओढीत नसे. कोणाच्या घराण्यांतच वेड होतें. कोणी वेड लागल्यावर ओढूं लागला होता.

पण या ९८ च्या आंकड्यालाहि आपण २२२ इतकेंच सावधपणें हात लावला पाहिजे. फेरतपासणी करणारे पुनः स्थानिक अधिकारीच होते; आणि मुलास गांजाचें व्यसन होतें असें साहेबाच्या चौकशींत कबूल करण्यापेक्षां त्यास भूतबाधा झाली म्हणणें बापास सोयीचें, ही गोष्टहि विसरतां येत नाहीं. मूळ आंकडा समजुतीनें फुगला, तसा नवा लज्जेनें थोडा आटला असण्याचा संभव आहे. शिवाय गांजा ओढणारे एकंदर किती होते हेंच ठाऊक नसल्यामुळें, ओढणारांत वेड लागण्याचें प्रमाण किती, या खऱ्या प्रश्नाचें उत्तर दोहोंपैकीं एकाहि आंकड्यांतून निघत नाहीं. १९७२ सालीं ओरिआना कालांट या विदुषीनें या रिपोर्टावर जी टीका प्रसिद्ध केली, तीहि पुराव्यापेक्षां निवाडा अधिक निश्चयाचा झाला या स्वरूपाची आहे. तेव्हां कमिशननें गांजा निर्दोष ठरविला असें म्हणणारांनीं जरा थांबावें. त्यानें ठरविलें तें एवढेंच कीं, गांजाविरुद्ध पुढें केलेला मुख्य साक्षीदार विश्वासार्ह नाहीं.

आतां धर्माचा मुद्दा. बंदी घातली तर लोकांच्या धर्मभावना दुखावतील काय, हें कमिशनास पाहावयाचें होतें, व त्यासाठीं त्यानें दोन पंडितांकडून टिपणें मागविलीं. एक जे. एम्. कॅम्बेल यांचें, हेम्पच्या धर्मासंबंधीं. दुसरें ग्रिअर्सन यांचें, संस्कृत व हिंदी ग्रंथांतील उल्लेखांचें. कॅम्बेल म्हणजे आपल्या मुंबई ग्याझेटियरचे संपादक. त्या वेळीं ते मुंबईस जमीनमहसूल, जकात व अफू या खात्यांचे कलेक्टर होते. त्यांचें टिपण वाचनीय आहे, पण त्यांत भांगेच्या प्याल्यापेक्षां लेखकाच्या भूतपिशाचविषयक सिद्धान्ताचाच कैफ अधिक चढलेला दिसतो. ग्याझेटियरांतहि त्यांची ही खोड जागोजाग दिसते, हें जाणत्या वाचकांस सांगावयास नको. ग्रिअर्सन यांचें टिपण कोरडें, म्हणून अधिक उपयोगी.

भांगेचें सेवन वेदकाळापासून चालत आलें आहे, असें आज वादांत सर्रास म्हटलें जातें. अथर्ववेदांत भंगेचें नांव आहे हें खरें. दुःखांतून सोडविणाऱ्या वनस्पतींत तिची गणना केली आहे. पाणिनीच्या पांचव्या अध्यायांतहि तीळ, उडीद वगैरेंच्या शेतांस काय म्हणावें हें सांगतांना भंगेचें शेत येतें, यावरून तिची लागवड होत असे इतकें सिद्ध होतें. पण लागवड कशासाठीं? धाग्यासाठीं कीं कैफासाठीं? या उल्लेखांपैकीं एकांतहि नशेचा स्पष्ट गंध नाहीं. वैद्यकग्रंथांच्या कालानुक्रमाचा ज्यांनीं बारकाईनें अभ्यास केला, त्या म्यूलेनबेल्ड व वुजास्तिक या पंडितांचें मत असें आहे कीं, भंगेचा औषधी म्हणून निःसंशय वापर इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या सुमारास, वंगसेनाच्या ग्रंथापासून दिसूं लागतो. पुढें शार्ङ्गधरानें अफूच्या जोडीला तिचें नांव घेऊन, पचण्यापूर्वींच अंगभर पसरणाऱ्या द्रव्यांत तिला घातलें. विजया, सिद्धि इत्यादि गौरवाचीं नांवें निघंटूंत येतात तीं या काळांतलीं. म्हणजे चाल जुनी खरी, पण सहस्रावधि वर्षांची म्हणून जी सनद दाखविली जाते तिच्यावरील शिक्का नीट उमटलेला नाहीं.

याउलट कोंकणच्या किनाऱ्यावरील एक पुरावा अगदीं ठसठशीत असून तो फारसा कोणी पुढें आणीत नाहीं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत 'बांग' या वस्तूवर स्वतंत्र प्रकरण आहे. ओर्ता स्वतः ती घेत नसे. पण त्याचे चाकर त्याच्या चोरून घेत, व तिनें श्रम जाणवत नाहींत, मन उल्हसित होतें आणि भूक लागते, असें त्यांनीं त्यास सांगितलें. गुजराथचा सुलतान बहादुरशहा मार्तिम आफोन्सो द सौझा यास म्हणाला होता कीं, रात्रीं पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्थान व इराण येथें जावयाची लहर आली म्हणजे आपण थोडी बांग घेतों. हीहि गोष्ट ओर्तानेंच नोंदून ठेविली आहे. एकीकडे ओझें वाहून थकलेला चाकर, दुसरीकडे लहरी सुलतान. सोळाव्या शतकांतील या दोन साक्षी कमिशनच्या अनेक जबान्यांपेक्षां मोलाच्या आहेत, कारण त्या घेणारांच्या तोंडच्या आहेत.

कमिशनचा निवाडा ऑगस्ट १८९४ मध्यें सादर झाला. मित सेवनानें शरीर, मन किंवा नीति यांची व्यवहारतः हानि होत नाहीं, अतिसेवनानें होते, सामान्यतः सेवन मित असतें, आणि संपूर्ण बंदी आवश्यकहि नाहीं व इष्टहि नाहीं, असा त्याचा इत्यर्थ. बंदी केल्यास लोक दारू किंवा धोतऱ्यासारख्या अधिक घातक वस्तूंकडे वळतील, हिमालयाच्या पायथ्याशीं आपोआप उगवणाऱ्या झाडावर पहारा ठेवतां येणार नाहीं, आणि साधुवर्गांत असंतोष माजेल, हीं कारणें दिलीं आहेत. पण येथेंच वाचक फसतो. कमिशनापुढें प्रश्न 'मोकळें करावें काय?' असा नव्हता. गांजा त्या वेळीं परवान्यानें विकलाच जात होता; प्रश्न 'बंद करावा काय?' असा होता. आणि त्याचें उत्तर 'जसें आहे तसें असूं द्या' असेंहि नव्हतें. लागवड परवान्याखालीं आणून थोड्या ठिकाणीं आटोपशीर करावी, कर क्रमाक्रमानें वाढवावा, दुकानें कमी करावीं व तीं कोठें असावीं याबद्दल लोकमत पाहावें, एका माणसाजवळ किती माल असावा याची मर्यादा घालावी, अशा त्याच्या शिफारशी आहेत. सर्वांस एकच नियम नको, भांगेवर हात हलका ठेवावा, असाहि त्याचा कल आहे.

या निवाड्यावर सातहि जणांचें एकमत नव्हतें. राजा शशिशेखरेश्वर रॉय व लाला निहालचंद यांनीं आपलीं भिन्नमतपत्रें जोडलीं आहेत. पुराव्यांतून निघणारी हानि बहुमतानें मानली त्याहून अधिक आहे, असें त्यांचें म्हणणें. एतद्देशीय सभासदांपैकीं एकटे हरनामसिंग, आणि ते ख्रिस्ती, बहुमताबरोबर राहिले. धर्मनिष्ठ हिंदु गृहस्थ म्हणून ज्यांची निवड झाली असावी तेच दोघे विरुद्ध गेले. इंग्रजांनीं आमची पुरातन चाल मोडली असें म्हणणारांस ही वस्तुस्थिति अडचणीची आहे, आणि इंग्रजांनीं उत्पन्नासाठीं आमच्या गळीं व्यसन बांधलें म्हणणारांस अथर्ववेद अडचणीचा. दोन्ही पक्ष ही भिन्नमतपत्रें वगळून पुढें जातात, कारण सारांशाच्या पुस्तकांत तीं नसतात.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. मात्र त्यांतील एक प्रसंग सोडवत नाहीं. १९२४-२५ च्या हिंवाळ्यांत जिनीव्हा येथें अफूविषयक परिषद भरली असतां इजिप्तचे प्रतिनिधि डॉ. एल गिंदी यांनीं हशीशचा प्रश्न अचानक पुढें आणला. इजिप्तांतील वेडांपैकीं शेंकडा ३० ते ६० हशीशमुळें आहेत, हें त्यांच्या भाषणांतील मुख्य प्रमाण. तो आंकडा कोठला? कैरोच्या वेड्यांच्या इस्पितळाचा, जेथें डॉ. वॉर्नक यांनीं वर्षानुवर्षें अशाच नोंदी ठेविल्या होत्या. तोच रकाना, तसाच भरलेला! हिंदुस्थानांत तीस वर्षांपूर्वीं त्याची पोल उघडी पडली होती, आणि तो पुरावा जिनीव्हांतील कोणाच्याहि टेबलावर ठेवतां आला असता. तसें कांहीं झालें नाहीं. हिंदुस्थान सरकारच्या प्रतिनिधीनें धार्मिक चालींची व जंगलांत आपोआप उगवणाऱ्या झाडाची अडचण सांगितली. ३२८१ पृष्ठांतील तपासणी तशीच बांधून राहिली, आणि १९२५ च्या करारांत गांजा शिरला.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारांत गांजाच्या व्याख्येंतून झाडाचीं नुसतीं पानें वगळलीं गेलीं, व औषधाखेरीज इतर सेवन बंद करण्यास पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. करार १९६४ च्या डिसेंबरांत अमलांत आल्यामुळें ती १९८९ सालीं भरत होती. तत्पूर्वींच आपल्या संसदेनें १९८५ चा मादकद्रव्यांचा कायदा केला. त्यांतहि तुऱ्यांवांचून असलेलीं पानें व बी गांजाच्या व्याख्येंत येत नाहींत, म्हणून भांग हा विषय राज्यांकडे राहिला. मुंबई राज्यांत तर १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानेंच ती मादकद्रव्यांत गणली गेली होती. कमिशनच्या काळीं लोक भांग व गांजा यांत जो भेद करीत, तो असा फिरून कायद्यांत परत आला. विलायतेंत १९६८ सालीं बॅरोनेस वूटन यांच्या समितीनें आपला निष्कर्ष मांडतांना १८९४ च्या कमिशनशीं आपण सहमत असल्याचें नमूद केलें, आणि तेव्हांपासून हा ग्रंथ पुनः वादाच्या आखाड्यांत उतरला. आज मिळणारा माल व चरसापासून काढलेलीं तीव्र अर्कें त्या काळच्या नगरी अगर खांडवी गांजाच्या तोडीचीं नव्हत, त्यामुळें 'मित' या शब्दाचें माप जुन्या कमिशनाकडून उसनें घेतां येणार नाहीं, एवढें मात्र दोन्ही पक्षांनीं ध्यानांत ठेवणें जरूर आहे.

सातव्या भागांतील मुंबई इलाख्याच्या जबान्यांचें मराठी भाषांतर, निदान तपशीलवार सूचि, होणें अवश्य आहे. मूळ जबान्यांपैकीं कांहीं देशी भाषांत दिल्या गेल्या असाव्यात. त्यांच्या नकला साक्षीदारांच्या घराण्यांत राहिल्या असल्यास छापील इंग्रजीशीं ताडून पाहतां येतील. त्याचप्रमाणें अहमदनगर जिल्ह्यांतील जुन्या पाटील-कुळकर्ण्यांच्या दप्तरांत गांजाच्या लागवडीचे परवाने, वजनाच्या पावत्या, वखारीचे दाखले, अथवा १८७८ च्या कायद्यापूर्वींच्या काळांतील भांग-गांजाच्या जकातीचे उल्लेख कोणाच्या पाहण्यांत आले असतील, तर त्यांनीं नकला करून पाठवाव्या. असे कागद सामान्यतः निरुपयोगी समजून रद्दींत जातात. संग्राहकांनीं त्यांवर सालाचा व गांवाचा आंकडा तेवढा आठवणीनें घालून ठेवावा.